पलटणीच्या घरातला खलाशी

पुसेगावात गडद्यांचं घर कुठलं असं विचारलं, तर लोक आडनावानं सांगत नसत. "पलटणीवाल्याचं घर व्हय? ते काय, पाण्याच्या टाकीच्या पुढं," असं सांगत. हे नाव नेमकं कधी पडलं ते सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं, पण का पडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वंभरचा पणजोबा दगडोबा निजामाच्या अमदानीत हिंगोलीच्या छावणीत शिपाई होता. आजा ब्रह्मदेशाच्या लढाईवर जाऊन पायात गोळी घेऊन आला आणि मरेपर्यंत लंगडत चालला. बाप संतराम एकाहत्तरची लढाई लढून सुभेदार होऊन परतला. थोरला भाऊ ज्ञानोबा मिसरूड फुटायच्या आत भरती झाला होता. घरातल्या कोणत्याही पुरुषाचं नाव घ्या, त्याच्यामागं एक पलटण उभी असायची.

विश्वंभर एकटाच खलाशी निघाला. पंचवीसेक वर्षं नौदलात काढून, चीफ पेटी ऑफिसर होऊन तो गावी परतला, तेव्हा लोकांना त्याला काय म्हणावं तेच कळेना. शेवटी त्यालाही 'फौजी'च म्हणू लागले. विश्वंभरनं दोन-चारदा सांगून पाहिलं की बाबांनो, फौज वेगळी आणि नौदल वेगळं. मग सोडून दिलं.

त्या दिवशी तो हळदीला पाणी देत होता. सोयाबीन काढून झालं होतं, आणि रान मोकळं झाल्यामुळं बांधावरून धावत येणारी सृष्टी त्याला लांबूनच दिसली. सृष्टी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. दीड वर्ष ती रोज सकाळी सेनगावच्या रस्त्यानं पळत होती, त्यामुळं तिचं धावणं काही नवं नव्हतं. पण आज पायात चप्पल नव्हती.

"बाबा, झालं!" ती लांबूनच ओरडली. "नेव्हीत झालं माझं! चिल्का!"

विश्वंभरच्या हातातलं फावडं खाली पडलं. चिल्का म्हणजे ओडिशातलं नौदलाचं प्रशिक्षण केंद्र. तो स्वतः तिथंच शिकला होता. लेकीला जवळ घ्यावं की तिच्याशी हात मिळवावा हे त्याला क्षणभर सुचेना. शेवटी त्यानं चिखलाचे हात तसेच तिच्या डोक्यावर ठेवले. केस भरले म्हणून ती ओरडली आणि दोघंही हसत सुटले.

केसांतला चिखल झटकता झटकता सृष्टी थांबली.

"आजीला कोण सांगणार?"

विश्वंभरनं फावडं उचललं, पाणी पुढच्या सरीत वळवलं आणि म्हणाला, "मी सांगतो." तोफांच्या आवाजानं न डगमगलेला हा माणूस आपल्या आईला मात्र टरकून होता, आणि त्याला कारणही तसंच होतं.

सत्त्याऐंशी साली शांतिसेना श्रीलंकेला गेली, त्यात ज्ञानोबाची पलटण होती. पुढच्या साली तिथल्या जंगलातल्या एका वाटेवर सुरुंग फुटला. घरी आला तो कलश. चतुराबाई लोकांसमोर रडली नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मग तिनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणून नवऱ्यापुढं आणि धाकट्या लेकापुढं ठेवली.

"आता या घरातलं कोणी पलटणीत जाणार न्हाई. उचला भंडारा."

सुभेदार संतराम गडदे, ज्याच्या आवाजानं अख्खी कंपनी सरळ व्हायची, त्यानं मान खाली घालून भंडारा उचलला. विश्वंभर तेव्हा बारावीला होता. त्यानंही उचलला.

पण त्या घरात वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार? शेतात त्याचं मन लागेना, दुकानात लागेना. दोन वर्षांनी त्याला नौदलाच्या भरतीचा कॉल आला तेव्हा त्यानं बापाला बरोबर घेतलं आणि चुलीपुढं बसलेल्या आईसमोर जाऊन उभा राहिला.

"माय, मला नेव्हीत घेऊन राहिले."

"ते म्हंजे पलटणच ना?"

"न्हाई माय. पलटण जमिनीवर असती. ही जहाजं. पाण्यावर."

"तिथं सीमा असती का?"

विश्वंभरनं बापाकडं पाहिलं. मग संतरामच बोलला, "समुद्राला कुठली आली सीमा?"

चतुराबाईनं तव्यावरची भाकर उलटली. दोघांच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "जा." एवढंच. त्याच्यापुढं ना आशीर्वाद, ना शिव्या.

हिंगोलीच्या बसस्टँडवर सोडायला आलेला संतराम मात्र जरा खट्टू होता. "लोक म्हणतील, सुभेदाराचं पोरगं होडीत बसायला गेलं," तो म्हणाला. "म्हणू दे. पण एक ध्यानात ठेव. जिथं उभा करतील तिथून हलायचं न्हाई. आपल्यात कोणी हललेलं न्हाई."

तोवर विश्वंभरनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. चिल्क्याला पहिल्या दिवशी रांगेत उभं असताना कवायत घेणाऱ्या एका तमिळ उस्तादानं त्याला विचारलं, "हिंगोली? समंदर से कितना दूर है?"

"बहुत दूर, सर."

"अच्छा है. पानी के बारे में कुछ गलत सीखा नहीं होगा."

पहिल्या सफरीत त्याला समुद्र असा लागला की पोटातलं पाणीही राहिना. बादली कुशीत घेऊन तो डेकच्या कोपऱ्यात बसला होता, आणि बापाचं बोलणं आठवून मनाशी म्हणत होता, आबा, इथं तर जमीनच हलून राहिली, मी न हलून काय करू? पण हळूहळू अंगवळणी पडलं. लाट कुठून येते ते पायांना आधी कळायला लागलं. दोर ओढून तळहातांना घट्टे पडले. काही वर्षांनी त्याला सुकाण्यावर उभं केलं, आणि तिथं त्याची खरी ओळख झाली.

सुकाण्यावरच्या खलाशाचं काम सोपं वाटतं. कप्तान हुकूम देतो, खलाशी तो मोठ्यानं परत म्हणतो आणि तेवढंच चाक फिरवतो. पण समुद्र जहाजाला सरळ जाऊ देत नाही. वारा एकीकडं रेटतो, प्रवाह दुसरीकडं. विश्वंभर लहानपणी बापाच्या मागं नांगर धरून चालला होता. लांबचं एखादं झाड धरून नांगराचा तास सरळ कसा ठेवायचा हे त्याच्या हातात होतं. इथं झाड नव्हतं, होकायंत्र होतं, एवढाच फरक. एकदा कप्तानानं मागं वळून जहाजामागं पाण्यात उमटलेली पांढरी रेघ पाहिली आणि विचारलं, "व्हील पर कौन है?" कोणीतरी म्हणालं, "गडदे, सर." "गडदे ही रहेगा," कप्तान म्हणाला. त्या दिवसापासून अवघड बंदरात शिरायचं असलं की गडदेचा पुकारा व्हायचा. खाली मेसमध्ये जेवत असला तरी ताट सोडून तो वर धावायचा, आणि त्या धावण्यात त्याला जे वाटायचं ते पुढं कोणत्याही बढतीत वाटलं नाही.

आणि मग ती त्सुनामी आली.

डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी जहाज विशाखापट्टणमच्या धक्क्याला लागलेलं होतं. निम्मे लोक सुट्टीवर होते. दुपारपर्यंत सगळ्यांना परत बोलावणं झालं. पाण्याच्या टाक्या, औषधं, तांदळाची पोती, तंबू, हाताला लागेल ते चढवलं. धक्क्याचे दोर सोडले तेव्हा विश्वंभरला कळलं, जायचंय श्रीलंकेला. त्रिंकोमालीला. ज्ञानोबा ज्या रस्त्यावर सुरुंगात गेला होता तो रस्ता त्याच बंदरापासून आत जंगलात गेला होता.

त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. पण पुसेगावच्या घरातली गोष्ट त्याच्या एका जोडीदाराला माहीत होती, आणि त्यानं ती कप्तानाच्या कानावर घातली. कप्तान केरळचा, कमी बोलणारा माणूस. तो सुकाण्याजवळ आला.

"गडदे, तुला आज नको असेल तर दुसऱ्याला उभा करतो," तो हिंदीत म्हणाला.

"न्हाई सर," विश्वंभर मराठीतच बोलून गेला. मग सावरून म्हणाला, "सर, मीच नेतो."

बंदराच्या तोंडाशी पाणी ओळखू येत नव्हतं. उलट्या पडलेल्या मासेमारीच्या होड्या, मुळासकट उपटलेले माड, दारं, पलंग, एक अख्खं छप्पर. सगळं तरंगत जहाजाच्या अंगावर येत होतं. कप्तान एकामागून एक हुकूम देत होता, विश्वंभर ते परत म्हणत होता, आणि चाक एवढंसं डावीकडं, एवढंसं उजवीकडं फिरत होतं. जहाज धक्क्याला लागलं तेव्हा कप्तानानं त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

मग चार-पाच दिवस उसंत नव्हती. विश्वंभर पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन गावागावात हिंडला. विहिरी खाऱ्या झाल्या होत्या, लोक तहानेनं कासावीस होते. एका मोडलेल्या शाळेच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याची तिला. त्यानं कॅन तिरका धरला. तिनं ओंजळ पुढं केली, पाणी प्याली, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्याली. मग ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवून काहीतरी बोलली. काय बोलली ते त्याला कधीच कळलं नाही, पण सगळ्या आया ज्या सुरात बोलतात त्याच सुरात बोलली.

निघायच्या आधी कप्तानानं त्याला तासभर मोकळं सोडलं. दिवस मावळत होता. विश्वंभर जंगलाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी गेला, ओंजळभर पाणी मातीवर सोडलं आणि म्हणाला, "दादा, मी आलो होतो." मग टाच जुळवून त्यानं सलाम केला.

सुट्टीवर घरी आला तेव्हा हे सगळं त्यानं आईला सांगितलं. ज्ञानोबाचं नाव इतकी वर्षं त्या घरात कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. चतुराबाई ऐकत राहिली.

"त्या लोकायला पाणी दिलंस?" तिनं विचारलं.

"दिलं माय."

"त्या म्हातारीला?"

"तिला तर पोटभर दिलं."

चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले. "बरं केलंस," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तुझं जहाज मला दाखव."

वर्षातून एकदा खलाशांच्या घरच्या माणसांना जहाजावर बसवून समुद्रात फिरवून आणायचा दिवस असायचा. विश्वंभरची बायको मिराबाई दरवेळी जायची. त्या वर्षी आई आणि आबाही आले. संतरामनं छातीवर सगळी पदकं लावली होती आणि मिशांना पीळ भरला होता. चतुराबाई हिरव्या नऊवारीत, डोक्यावरचा पदर दातांत धरून, जहाजाच्या शिडीवर एकेक पाऊल टाकत चढली. शिडीच्या टोकाशी उभ्या असलेल्या खलाशानं सलाम ठोकला. तिला वाटलं मागून कोणी साहेब येतोय. ती वळून पाहायला लागली.

"माय, तो तुलाच करून राहिला," विश्वंभर हळूच म्हणाला.

"मला? काहून?"

"तू ज्ञानोबादादाची आई. कप्तानानं सगळ्यायला सांगून ठेवलंय."

ती तिथंच थबकली. पदर सारखा केला. आणि मग ज्या ताठ मानेनं ती पुढं चालली, तशी मान विश्वंभरनं तिची कधी पाहिली नव्हती.

जहाज बंदराबाहेर पडलं आणि लाटा लागल्या. घटकाभरात सुभेदार संतराम गडदे पदकांसकट कठड्यावर वाकला. ओकारी काही केल्या थांबेना. चतुराबाई खुर्चीवर निवांत बसून शेंगदाणे खात होती.

"बघ मिरा," ती सुनेला म्हणाली, "एकाहत्तरला पाकिस्तानला हटला न्हाई, अन् आज बघ. पाण्यानं आडवा केला गड्याला."

संतरामनं मान वर न करताच हात हलवला, म्हणजे गप बस. आजूबाजूच्या बायका खदखदून हसल्या. हसणाऱ्यांत चतुराबाईही होती, आणि कलश आल्यापासून तिला असं हसताना विश्वंभरनं पाहिलं नव्हतं.

मग कप्तानानं तिला वर, सुकाण्याजवळ बोलावलं. चौफेर काचा, आणि काचांच्या पलीकडं निळं पाणी. विश्वंभर चाकावर उभा होता. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जणू शाळेत तपासणीला आलीय. मग कप्तानाला विचारलं, "साहेब, माझं लेकरू नीट चालवतंय का?"

विश्वंभरनं लाजत हिंदीत सांगितलं. कप्तान कधी नव्हे तो हसला.

"माँजी, जब ये व्हील पर होता है, तब मैं आराम से चाय पीता हूँ."

तिला तेवढं हिंदी कळत होतं. ती समाधानानं बाहेर पाहायला लागली. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "इसंबर, इथं सीमा कुठंय?"

त्यानं होकायंत्राकडं पाहिलं. मग म्हणाला, "डोळ्याला दिसत न्हाई माय. पण असती."

"मंग तुमी राखता तरी काय?"

त्यानं काचेतून बोट दाखवलं. लांबवर मासेमारीच्या होड्या होत्या, पाण्यावर काळे ठिपके पडल्यासारख्या.

"ती माणसं जाळं टाकून राहिली न्हाई का? त्यायच्या बायका घरी चूल पेटवून बसल्या असतील. त्यायला बिनघोर जाळं टाकता यावं, अन् बराबर घरी जाता यावं. ते राखतो."

चतुराबाईनं त्या ठिपक्यांकडं पाहिलं. मान हलवली, एकदाच.

त्याला आता वीस वर्षं होत आली होती. आबा मागंच गेले. विश्वंभर निवृत्त होऊन शेतीत रमला. चतुराबाई ऐंशीला टेकली, कानानं जरा कमी ऐकू लागली, पण नजर घारीची. सृष्टी पळायला लागली तेव्हा ती एकदाच म्हणाली होती, "एवढं एक लेकरू तरी घरात ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून तिच्यासमोर भरतीचा शब्द कोणी काढला नव्हता.

हळदीच्या रानातून घरी आल्यावर विश्वंभर हातपाय धुऊन तिच्याजवळ जाऊन बसला. ती ओसरीवर मूग निवडत होती. त्यानं पिकापाण्याचं काढलं. मग हवेचं काढलं. मग शेजारच्या नासेरभाईच्या जीपचं.

"इसंबर," ती खडे वेचता वेचता म्हणाली, "पोरगी झाली का भरती?"

तो आ वासून पाहत राहिला.

"रोज सकाळी बूट घालून जाती ते काय गवत कापाया जाती? मी म्हातारी हाय, आंधळी न्हाई."

"झाली माय. नेव्हीत."

तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दोन घास खाल्ले, पण कोणाशी बोलली नाही. मिराबाई घाबरली. म्हणाली, "अहो, पोरीला नका पाठवू. म्हातारीचा जीव जाईल." विश्वंभरला पहिल्यांदाच वाटलं, की लेकीला थांब म्हणावं लागतं की काय. आईनं भंडारा उचलायला लावला होता तो दिवस त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि आईची चूक तरी कुठं होती? तिनं एक लेक दिला होता. आणखी किती द्यावं तिनं?

तिसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाईनं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. नासेरभाई सहज म्हणून आला होता, तोही बसला. त्याचा पणजोबा आणि दगडोबा छावणीत एकाच बराकीत होते असं दोन्ही घरांत सांगत आले होते, त्यामुळं या घरातल्या गोष्टीत तो परका नव्हता.

"सिरष्टी, इकडं ये," म्हातारी म्हणाली. "बस समोर. मी विचारते ते खरं सांगायचं."

सृष्टी मांडी घालून बसली.

"तुला भीती वाटती का?"

सृष्टीनं बापाकडं पाहिलं.

"त्याच्याकडं बघू नको. माझ्याकडं बघ. वाटती का?"

"वाटते, आजी."

"कशाची?"

"पाण्याची. बंदुकीची बी. तुम्हां सगळ्यायला सोडून ऱ्हायची. रात्री कधी कधी झोप येत न्हाई."

"मंग जातीस काहून?"

सृष्टीनं थोडा विचार केला. "भीती वाटते म्हणून घरी बसले, तर घरी बी भीतीच वाटंल. अन् आजी, तुमी बोटीवर गेल्या होत्या ते लहानपणापासून ऐकत आले. सलाम केला ते. मला बी तिथं चाकावर उभं ऱ्हायचंय. बाबायसारखं."

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ग्यानबा जाताना मी त्याला हेच विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली. "तो म्हणला, भीती कशाची माय, मला बिलकुल वाटत न्हाई. खोटं बोलला तो. मला कळत होतं खोटं बोलतोय, पण मी त्याला तसंच जाऊ दिलं. त्यानं सगळी भीती एकट्यानं नेली." ती थांबली. "ही खरं बोलली. हिची अर्धी भीती आता माझ्याकडं ठेवली हिनं. जाऊ द्या हिला."

मिराबाई रडायला लागली. विश्वंभरनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हातारी त्याच्याकडं वळली.

"अन् तू. समुद्राला सीमा नसती म्हणे! तुमी बापलेकानं मला काय येडी समजलं होतं? तवाच कळलं होतं मला. पण तुझं तोंड असं झालं होतं, पाण्यावाचून रोप सुकावं तसं. म्हणून जा म्हणले."

विश्वंभर पंचावन्न वर्षांचा होता. तरी तो तिथंच खाली बसला आणि त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. नासेरभाई खाकरला आणि म्हणाला, "चाची, आता चहा तरी करायला सांगा. दोन दिवस या घरात चहा न्हाई मिळाला मला."

निघायच्या दिवशी नासेरभाईनं जीप धुऊन दारात आणली. जीपमध्ये मावणार नाहीत एवढी माणसं हिंगोलीच्या स्टेशनवर आली. शाळेतल्या मुली आल्या, मास्तर आले, सेनगावच्या रस्त्यावर रोज सकाळी सृष्टीला पळताना पाहणारा दूधवालाही आला. कोणी हार आणले, कोणी पेढे. विश्वंभर लेकीसोबत जायला निघाला होता, पण तिनं ऐकलं नाही.

"तुमी एकटेच गेला होता ना बाबा?"

"तवाची गोष्ट येगळी."

"काही येगळी न्हाई. पूर्णेला परभणीची एक पोरगी चढणार हाय, ती बी चिल्क्याला चाललीय. आमी दोघी जाऊ."

विश्वंभरनं आपली पिशवी नासेरभाईच्या हातात दिली. बापानं बसस्टँडवर सांगितलं तसं आपणही काही मोलाचं सांगावं असं त्याच्या मनात रात्रभर घोळत होतं. पण गाडी आली तेव्हा तोंडातून निघालं ते एवढंच, "पहिल्यांदा समुद्र लागला तर लाजू नको. सगळ्यायला लागतो. पोटात काहीतरी असू दे, अन् लांब बघत ऱ्हा."

सृष्टीनं आजीला वाकून नमस्कार केला. मिराबाईच्या गळ्यात पडली. मग बापासमोर ताठ उभी राहून तिनं हात कपाळाला नेला. अजून कोणी शिकवलं नव्हतं, हात जरा वाकडाच होता. विश्वंभरनं तो सरळ केला नाही. त्यानंही टाचा जुळवून उत्तर दिलं, आणि फलाटावर टाळ्या वाजल्या. गाडी हलली. ती दारातून हात हलवत लांब लांब गेली, तरी चतुराबाई जागेवरून हलली नाही. शेवटचा डबा वळणाआड गेल्यावर म्हणाली, "चला. शेतात पाणी द्यायचं असंल."

पुढचे आठवडे घरात सगळ्यांचे कान फोनकडं असायचे. रविवारी रविवारी थोडा वेळ फोन करू देत. एका रविवारी सृष्टीचा फोन आला तेव्हा ओसरीवर शेजारणी बसल्या होत्या, नासेरभाईची बायको जाहेदाही होती. विश्वंभर फोन घ्यायला धावला, पण म्हातारीनं तो आधीच हातात घेतला होता.

"बोल सिरष्टी. मोठ्यानं बोल. जेवण मिळतं का?"

"मिळतं आजी, भरपूर! ऐका ना, मला वल्ह्याच्या नावेवर घेतलं. आमच्या टोळीत मी सगळ्यात पुढं बसते, माझ्या हातावर बाकीच्या वल्हं मारतात. उस्ताद म्हणले, हिंगोलीत समुद्र हाय का? मी म्हणले, न्हाई सर, पण आमच्या घरात हाय."

विश्वंभर वाकून फोनजवळ कान लावून ऐकत होता. तो हात पुढं करून म्हणाला, "माय, जरा मला दे."

"थांब की. अन् हातायला घट्टे पडले का गं?"

"पडले ना!"

"पडू दे. तेल लाव. थंडी कशी हाय तिकडं? पाणी उकळून पितीस का?"

असे प्रश्न संपेनात. विश्वंभर हात पुढं करून उभाच राहिला. शेवटी पलीकडून कोणीतरी हाक मारली, सृष्टी "वेळ झाली आजी, ठेवते, बाबायला सांगा" एवढंच बोलली आणि फोन बंद झाला.

"काय सांगा म्हणली?" विश्वंभरनं विचारलं.

"त्ये न्हाई सांगितलं तिनं," चतुराबाई फोन पदराला पुसत म्हणाली. "पुढच्या रविवारी इचार." आणि ती जाहेदाकडं वळली. "ऐकलंस ना गं? सगळ्यात पुढं बसती ती नावेत. माझी नात. तिच्या हातावर बाकीच्या चालतात."

"ऐकलं चाची, अल्ला तिला सलामत ठेवो," जाहेदा म्हणाली.

"न्हाई, तू नीट ऐकलं न्हाई. पुन्हा सांगते," म्हातारी म्हणाली आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. विश्वंभर ओसरीच्या खांबाला टेकून ते सगळं दुसऱ्यांदा ऐकत राहिला.